कुदळ की घर? दार-एस-सलाममधली निवडणुकांची पायी सफर

सहा वर्षं दार-एस-सलाममध्ये राहतेय, लुमुंबा स्ट्रीटवरून आठवड्यातून दोनदा तरी जाते. पण तो रस्ता खऱ्या अर्थाने पाहिला तो गेल्या शनिवारी. पुण्याहून भावोजी आले होते. त्यांना घेऊन एका निवृत्त शिक्षकांची पायी सफर केली. माणशी ४०,००० शिलिंग, वेळ तीन तास, विषय एकपक्षीय टांझानियातल्या निवडणुका. सगळे त्यांना म्झे (स्वाहिलीत वडीलधाऱ्यांसाठी आदराचा शब्द) म्हणतात, आम्हीही तेच म्हणू लागलो.

सुरुवात पक्षाच्या जुन्या कचेरीसमोर. ७ जुलै १९५४ ला टानू, म्हणजे पुढे एकपक्षीय राजवट चालवणारा पक्ष, स्थापन झाला तो इथेच. म्झेंनी शेंगदाण्याची पुडी घेतली, दाणे आमच्या हातावर ओतले आणि कागद उलगडून त्यावर दोन चित्रं काढली : कुदळ आणि घर. १९६५ च्या निवडणुकीत मतदारसंघात उमेदवार दोन, दोघेही टानूचेच. एकाला कुदळ, दुसऱ्याला घर. सभाही पक्षच भरवणार, दोघं एकाच व्यासपीठावर. कुदळवाला विचारायचा, "कुदळ नसेल तर खाल काय?" घरवाला म्हणायचा, "आणि खाऊन झोपाल कुठे?" म्झे दोन्ही आवाज काढून सांगतात.

मी विचारलं, मग त्या मताला किंमत काय? त्यांनी प्रश्न टाळला नाही. अर्थमंत्री पॉल बोमानी त्याच निवडणुकीत पडले. मंत्र्याला घरी बसवता येत होतं, पक्षाला नाही. शेवटचे दोन उमेदवारही पक्षाची राष्ट्रीय कार्यकारिणीच ठरवायची. राष्ट्राध्यक्षासाठी तर देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांचं एकट्याचं नाव, हो किंवा नाही. १९७५ मध्ये म्झे स्वतः मतदान केंद्रावर कारकून होते. "लोक पहाटेपासून चालत यायचे," हे वाक्य ते दोनदा बोलले. त्या लोकांचा मान राखून त्या पद्धतीची मर्यादाही स्पष्ट सांगणारा माणूस मला फार मोलाचा वाटला.

भावोजींना धक्का बसला तो पुढच्या गोष्टीचा. एकच पक्ष असावा की अनेक, हे ठरवायला नेमलेल्या न्यालाली आयोगाने १९९१ मध्ये देशभर लोकांची मतं घेतली, तेव्हा ७७ टक्के लोकांनी एकच पक्ष राहू द्या असं सांगितलं. तरीही १९९२ मध्ये कायदा बदलला आणि १९९५ ला बहुपक्षीय निवडणूक झाली. यावर दोघांचा अर्धा तास वाद रंगला, आणि तोच सफरीतला सगळ्यात चांगला भाग.

उणिवा आहेत. शहरातल्याच मागोमेनी भागातल्या न्येरेरेंच्या घरी दालादालाने (इथली प्रवासी मिनीबस) जावं लागतं, ते भाडं वेगळं. आधी कुणी सांगितलं नाही. तिथे जेमतेम वीस मिनिटं मिळाली. दहाला निघालो, ऊन कडक, वाटेत टेकायला जागा नाही. नोंदणी ज्या एजन्सीतर्फे केली तिने भेटीची जागाच चुकीची कळवली, म्हणून थेट म्झेंशीच बोला.

पुढच्या महिन्यात मुलीला नेणार आहे. सकाळी आठची वेळ मागून घेतली आहे.