जाड सुती जीन्स आणि ताणणारी जीन्स

लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी १८७३ साली अमेरिकेत रिव्हेट (शिवणीचे टोक घट्ट धरणारी धातूची चपटी खीळ) लावलेल्या विजारीचे पेटंट घेतले, ते कष्टकऱ्यांचे कपडे लवकर फाटू नयेत म्हणून. त्या परंपरेतील शंभर टक्के सुती, जाड जीन्स सुरुवातीला कमरेत काचते, परंतु काही महिन्यांत घालणाऱ्याच्या शरीराचा आकार घेते आणि विरली तरी नीट रफू करता येते. आजच्या अनेक जीन्समध्ये एक-दोन टक्के इलॅस्टेन (रबरासारखा ताणणारा कृत्रिम धागा) असल्याने त्या पहिल्याच दिवशी चपखल बसतात. मात्र उष्णतेने आणि वारंवार ताणल्याने त्यातील लवचीक धागे सैल पडून गुडघ्यांशी फुगवटा येतो. दिवसभर बसून काम करणाऱ्याला दुसरी सोयीची (कोकणातल्या पावसाळ्यात पहिली वाळतही नाही), पण टिकाऊपणात माझ्या मते पहिलीच सरस आहे.