शिंडलरच्या कारखान्यात शिंडलर शोधू नका

टपाल खात्यात छत्तीस वर्षं काढलेला माणूस संग्रहालयात गेला की त्याची नजर तोफा-बंदुकांवर ठरत नाही, कागदांवर जाते. त्यामुळे हा अभिप्राय जरा एकांगी होणार, आधीच सांगून ठेवतो.

पोलंडमधलं क्राकूव शहर, लिपोवा रस्ता, क्रमांक ४. बाहेर पाटी ऑस्कर शिंडलरच्या एनॅमलच्या भांड्यांच्या कारखान्याची. शिंडलर म्हणजे दुसऱ्या महायुद्धात आपल्या ज्यू कामगारांना वाचवणारा जर्मन कारखानदार. फाटकाशी फोटो काढणाऱ्यांची झुंबड, आणि निम्मे लोक ‘शिंडलर्स लिस्ट’ हा त्याच्यावरचा सिनेमा डोक्यात घेऊन आलेले. आमच्या मागचा एक तरुण शेवटपर्यंत ‘यंत्रं कुठायत?’ असं बायकोला विचारत होता. यंत्रांसाठी येऊच नका. इथे २०१० साली उघडलेलं कायमचं प्रदर्शन आहे ते शहराचं, १९३९ ते १९४५ या काळातल्या जर्मन अमलाखालच्या क्राकूवचं. शिंडलर त्यात येतो, पण गल्लीतला एक बिऱ्हाडकरू यावा तसा.

सुरुवात युद्धाआधीच्या एका फोटो स्टुडिओत होते. तेव्हा गावात दर चार माणसांमागे साधारण एक ज्यू होता. मग ६ सप्टेंबर १९३९, जर्मन फौजा शिरल्या. पुढे एका दालनात पायाखालच्या फरशीवर स्वस्तिकं आहेत, नाझींची. आपल्या डोळ्यांना ते चिन्ह उंबऱ्यावर, वहीच्या पहिल्या पानावर बघायची सवय. पाय टाकताना दोन्ही कारणांनी अडखळायला झालं.

त्यानंतर नुसत्या नोटिसा. मला इथेच सर्वांत जास्त वेळ लागला. चौकाचं नाव बदललं, आता हिटलरच्या नावानं म्हणायचं. ज्यूंनी दंडाला निळ्या ताऱ्याची पांढरी पट्टी बांधायची. अमुक जागा फक्त जर्मनांसाठी. नोव्हेंबर १९३९ मध्ये विद्यापीठातल्या प्राध्यापकांना व्याख्यान आहे म्हणून बोलावलं आणि तिथूनच १८० हून अधिक जणांना पकडून नेलं. पुढे ते साक्सनहाउझनच्या छळछावणीत गेले. वावेलच्या किल्ल्यात, पोलिश राजांच्या घरात, हान्स फ्रांक हा व्यापलेल्या पोलंडचा नाझी गव्हर्नर जनरल राहायला आला. आणि या सगळ्याखाली सही, तारीख, शिक्का. भाषा आपल्या ऑफिसातल्या परिपत्रकासारखीच कोरडी. ‘सर्व संबंधितांना कळवण्यात येते की’ असं मी स्वतः शेकडो वेळा टंकलेलं आहे, त्यामुळे काचेपुढून हलवेना.

वाटेत काही ठिकाणी प्रेक्षकांना कागदावर शिक्के मारून घ्यायची सोय आहे. सौ.नं एक मारला आणि माझ्या हातात दिला. मी पहिल्यांदा काय पाहिलं, तर ठसा स्वच्छ उमटलाय का. खोड जात नाही. मग आठवलं, की जून १९४२ मध्ये इथल्या घेटोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, ओळखपत्रावर शिक्का मिळावा म्हणून माणसं रांगा लावून उभी होती. ज्यांना नाही मिळाला, त्यांतल्या हजारोंना बेउझेत्सच्या मृत्युछावणीत पाठवलं. थोड्याच दिवसांत तो शिक्काही पुरेना, वेगळी निळी चिठ्ठी लागायला लागली. खिडकीच्या आतल्या बाजूला बसून आयुष्य गेलेल्या माणसाला ही रांग चांगली दिसते. मी तो कागद घडी करून पाकिटात ठेवला आणि नंतर काढला नाही.

घेटोचं दालन मुद्दाम अरुंद केलंय. मार्च १९४१ मध्ये पोदगुझे भागात, जिथे तीनेक हजार लोक राहायचे, तिथे पंधरा हजारांच्या वर माणसं कोंबली. भिंतीचा वरचा काठ थडग्यांच्या दगडांसारखा गोलसर, खऱ्या भिंतीचा होता तसाच. याच ठिकाणी चाळीसेक जणांचा एक पर्यटक-गट मागून आला आणि आम्ही पाच मिनिटं खरोखरच भिंतीला चिकटून उभे राहिलो. तो विनोद नव्हता, पण सौ. म्हणाली, ‘घ्या, आता कळलं.’

नाट्यमय मांडणी जरा जास्त आहे, हे कबूल. न्हाव्याचं दुकान, तळघर, शहरातल्याच प्वाशुव छळछावणीची खडी, सतत कुठून ना कुठून आवाज. मला शांत खोलीत नुसत्या फायली चालल्या असत्या. नातवंडांना मात्र हेच आवडेल.

शिंडलरची कचेरी बरीच पुढे येते. टेबल, भिंतीवर नकाशा, आणि काचेआड भांड्यांची एक मोठी रचना: पातेली, मग, वाडगे, इथे बनायची तशी. आत शिरलं की त्यानं वाचवलेल्यांची नावं. अकराशेच्या आसपास माणसं, १९४४ मध्ये आताच्या चेक देशातल्या ब्रुनलिट्झच्या कारखान्यात हलवलेली. तीही एक टंकलेली यादीच. मी नावं वाचायला घेतली आणि दुसऱ्या ओळीलाच डोळे भरून आले, पुढचं वाचलं नाही.

व्यवहाराचं: तिकीट संग्रहालयाच्याच संकेतस्थळावरून, वेळ ठरवून, आठवडाभर तरी आधी काढा. आम्ही आळस केला आणि जुन्या गावातल्या एका एजंटाला जवळपास दुप्पट पैसे मोजले. त्यानं कबूल केलेला मार्गदर्शक आलाच नाही. हातात अडीच-तीन तास ठेवा. गुडघे दुखत असतील तर आधी बाहेर बसून घ्या, आत बराच वेळ उभ्यानं जातो. शेजारीच आधुनिक कलेचं संग्रहालय आहे. तेव्हा आमच्यात तेवढं त्राण नव्हतं.

परतताना घेटोवीरांच्या चौकात थांबा. कोपऱ्यावर तादेउश पांक्येविच यांचं औषधाचं दुकान आहे. घेटोत दुकान चालवत राहिलेला हा एकटा पोलिश माणूस. तेही आता संग्रहालय आहे. चौकभर धातूच्या रिकाम्या खुर्च्या मांडल्यात, माणसं नेली तेव्हा मागे राहिलेल्या सामानाची आठवण म्हणून. ट्रामची वाट बघताना सौ. त्यातल्या एका लहान खुर्चीवर टेकली होती. त्या खुर्च्या कशासाठी आहेत ते मी सांगितल्यावर उठली. बसायला मनाई नाही, लोक बसतात. आमची ट्राम येईपर्यंत ती उभी राहिली.