‘जिफ्ट मोनोसेक्स’ सांगून गळ्यात मारलेली चिलापी

‘अस्सल जिफ्ट, सगळे नर’ असं सांगून आमच्या शेततळ्यासाठी विकलेलं बीज मोझांबिक चिलापी (म्हणजे तिलापिया मासा) आणि तिच्या संकराचं निघालं. तीनेक महिन्यांतच काठाला पिल्लांचे थवे दिसू लागले. खाद्य त्यांच्यावरच खर्ची पडलं आणि विकण्याजोगा मासा तयार झालाच नाही. ‘पिल्लं बाहेरच्या पाण्यातून आली असतील,’ हे विक्रेत्याचं उत्तर. प्लास्टिकचं अस्तर असलेल्या, विहिरीच्या पाण्यावर भरलेल्या तळ्यात ती येणार कुठून?

जिफ्ट ही नाईल तिलापियाची निवडीतून सुधारलेली जात. मोझांबिक आपल्या देशात १९५२ साली आली; ती लहान असतानाच अंडी देते आणि खुजी राहते. ओळख शेपटीच्या परावर पटते. नाईलच्या परावर वरपासून खालपर्यंत सलग, समांतर उभे पट्टे असतात. मोझांबिकच्या परावर ते नसतात, विणीच्या दिवसांत तिचा नर काळा पडतो आणि गळा पांढरट होतो. पट्टे तुटक किंवा अर्धवट दिसले तर संकराचा संशय घ्या. पाठीच्या परावरचा काळा ठिपका दोन्हींच्या पिल्लांना असतो, म्हणून तो दाखवून कुणी खात्री देत असेल तर ऐकू नका. पिशवीतल्या बारीक बीजावर यातलं काहीच नीट दिसत नाही, आणि फसवणारा नेमका त्याचाच फायदा घेतो.

‘मोनोसेक्स’चा दावा तपासायला मासा ३० ग्रॅमच्या पुढे जाऊ द्या. पोटाखालच्या उंचवट्यावर नीळ पुसा. गुदद्वार धरून दोन छिद्रं असली तर नर, तीन असली तर मादी. शंभर मासे तपासा. माद्या पाचाहून बऱ्याच जास्त निघाल्या तर पिल्लांना नर करण्याची प्रक्रिया फसलेली आहे किंवा केलेलीच नाही. या प्रक्रियेत पिल्लं खायला लागताच किलो खाद्याला ६० मिलिग्रॅम संप्रेरक मिसळून २१ ते २८ दिवस देतात. वेगवेगळ्या वयाची पिल्लं एकत्र केली तर मोठी संप्रेरकाच्या परिणामातून निसटतात. हिरव्या पाण्यात ती शेवाळावर पोट भरतात आणि औषधी खाद्य कमी खातात.

खरेदीआधी प्रजननाचे मोठे मासे पाहायला मागा, त्यांच्या शेपट्या बघा. विक्रेत्याची मत्स्य व्यवसाय विभागाची परवानगी तपासा, स्वतःचीही काढा. बिलावर जात आणि नरांची टक्केवारी लिहून घ्या. नुसतं ‘मत्स्यबीज’ लिहिलेलं बिल तक्रारीत टिकत नाही.

तळं बिघडलंच असेल तर पाणी उपसताना बारीक जाळी लावा, पिल्लू ओढ्यात जाऊ देऊ नका. मग तळ उन्हात पूर्ण सुकवून नवं बीज सोडा.