दिवाळीत यंत्राचा बर्फ की फेब्रुवारीत गुलमर्ग?

नाशिकहून स्कीइंग शिकायला जाणाऱ्यांची खरी अडचण सुट्टीची. दिवाळीत शाळा बंद, पण तेव्हा गुलमर्गच्या उतारांवर बहुधा गवतच असतं. अमेरिकेत कोलोरॅडोमधलं कीस्टोन हे स्कीइंग-केंद्र मात्र बर्फ बनवणाऱ्या यंत्रांच्या जोरावर अनेकदा ऑक्टोबरातच उघडतं.

ही यंत्रं म्हणजे तोफाच. दाबाखालचं पाणी आणि हवा बारीक तुषारांत उडवतात आणि जमिनीवर पडेपर्यंत त्याचे गोठून कण होतात. त्यासाठी आर्द्रता जमेस धरून मोजलेलं तापमान साधारण उणे २ अंशांखाली लागतं. निफाडला द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायची वेळ येते, पण तेवढ्या थंडीत या तोफांचं सहसा भागत नाही. हवा कोरडी असेल तर थोडी सूट मिळते, एवढंच.

हा बर्फ घट्ट असतो, लवकर वितळत नाही. पण पडलात की सणसणीत लागतं! शिवाय सुरुवातीला उघडतात एकदोनच पट्ट्या, दोन्ही बाजूंना उघडी माती, आणि त्या चिंचोळ्या वाटेवर सगळ्यांची गर्दी. नवशिक्याने तिथे जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. व्हिसा-विमानाचा खर्च तर वेगळाच.

गुलमर्गचा भुसभुशीत बर्फ शिकणाऱ्याला सांभाळून घेतो. भरवसा मात्र नाही: जानेवारी २०२४ मध्ये बराच काळ उतार कोरडे होते. म्हणून फेब्रुवारी धरा, शाळेत आठवड्याची रजा सांगा आणि बुकिंग रद्द करता येईल असंच घ्या.