पिझ्झा ओव्हनच्या सर्व्हिसच्या नावाखाली ९,७९८ रुपये गेले, कोल्हापूरकरांनो नंबर बघून फोन करा

आधी आकडे सांगते, म्हणजे किरकोळ असेल असं कुणाला वाटायला नको. व्हिजिट चार्ज ३९९, वरचं आणि खालचं एलिमेंट (तापणारी नळी) २,८५० प्रमाणे ५,७००, स्टोनचं केमिकल वॉशिंग १,२०० आणि वर्षाचं एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, २,४९९. एकूण ९,७९८ रुपये. त्यातलं एकही काम धड झालेलं नाही. उलट जे चांगलं होतं तेही बिघडवून गेला आणि घरात जीव जायची सोय करून गेला, ते पुढं सांगतेच.

मी घरून शनिवार-रविवार पिझ्झाच्या ऑर्डर घेते. ओट्यावर ठेवायचा इलेक्ट्रिक ओव्हन आहे, आत दगड असतो तो, ४०० डिग्रीपर्यंत जातो. पावसाळ्यात ऑर्डरी कमी असतात म्हणून जूनमध्ये पुसून माळ्यावर ठेवलेला. आपल्याकडचा पाऊस माहितीच आहे, पंचगंगा पात्राबाहेर येईपर्यंत डब्यातल्या मिठालापण पाणी सुटलेलं असतं. गणपती झाल्यावर ओव्हन खाली काढला, प्लग लावून बटण दाबलं की घरातला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाइट तोडणारा मेन स्विच, पडला. वर केला, परत पडला. त्या शनिवारी वाढदिवसाची मोठी ऑर्डर होती, २,००० ॲडव्हान्स घेऊन बसलेले, त्यामुळे डोकं चालेना. कंपनीचं नाव टाकलं, पुढं कोल्हापूर सर्व्हिस सेंटर टाकलं आणि पहिला आलेला नंबर लावला. लोगो तोच, स्टार भरपूर, खाली लोकांच्या कमेंटी. सगळे असंच करतात. वॉरंटी कार्ड कुठल्या खोक्यात आहे ते ऐन गडबडीत कोण शोधत बसतंय.

पलीकडची बाई एकदम गोड बोलली, कंप्लेंट नंबर दिला, ३९९ आधी भरा म्हणाली. इथंच कळायला पाहिजे होतं आणि हेच आठवून अजून टाळक्यात तिडीक जाते. पैसे पाठवताना स्क्रीनवर कंपनीचं नाव नव्हतं, कुठल्यातरी माणसाचं नाव होतं. मी विचारलं सुद्धा! तर म्हणाली, मॅडम ते आमच्या एरिया सुपरवायझरांचं खातं आहे, कंपनीचं सध्या अपडेट सुरू आहे. आता एवढ्या सहज उत्तर दिल्यावर माणूस काय करणार? गॅसवाला, दूधवाला, भाजीवाला, सगळ्यांचं खातं स्वतःच्याच नावावर असतं, आपल्याला सवयच झालीय. पण एवढ्या मोठ्या कंपनीचे पैसे एका माणसाच्या खात्यावर जात नाहीत ओ. पिन टाकायच्या आधी जे नाव येतं ते वाचा. तिथं कंपनी नसेल तर फोन ठेवा, पुढचं ऐकूच नका.

दुपारी माणूस आला. निळा टीशर्ट, छातीवर लोगो, पाठीला बॅग, गळ्यात कार्ड. वहिनी वहिनी करत आत आला. मीटर लावला, टूं टूं आवाज आला, म्हणाला दोन्ही एलिमेंट शॉर्ट आहेत, आत कार्बन झालाय. मग दगड बाहेर काढला, त्यावरचे काळे डाग दाखवून म्हणाला, हा तेल प्यालाय, फंगस धरलाय, ह्याच्यावरचं खाणं गिऱ्हाइकाला द्यायचं म्हणजे तुमच्यावर केस होईल. घरगुती धंदा करणाऱ्या बाईला ह्याच्यापेक्षा मोठी भीती कुठली घालणार? मी हो म्हटलं.

मग म्हणाला, वहिनी जरा चहा मिळेल का, बिनसाखरेचा, शुगर आहे मला. घरात आमचा साखर घातलेला चहा तयार होता, त्याच्यासाठी दुसरं भांडं ठेवलं. घरी आलेल्या माणसाला चहा देणं आपल्याकडं चूक नाही. मी गॅसकडं तोंड करून उभी, तो मागच्या टेबलावर ओव्हनचं कव्हर खोलून बसलेला. चहा घेऊन वळले तर कव्हर परत लागलेलं. दोन एलिमेंट बदलून इतक्यात? जुनी दाखवा म्हटलं तर बॅगेवर हात ठेवून म्हणाला, जुने पार्ट कंपनीला जमा करावे लागतात. बॅग उघडलीच नाही त्यानं.

आणि तो दगड. बाथरूममध्ये नेला, बॅगेतनं लेबल खरवडलेली बाटली काढली आणि ओतली. फरशी धुवायच्या ॲसिडचा असतो तसा नाकात जाणारा वास, फेस, ब्रशनं घासाघास, मग बादलीभर पाणी. दगड पाणी शोषत होता ते दिसत होतं, वर पाणी पडलं की क्षणात गडप. पुसून तसाच ओला आत बसवला. प्लग लावला, ईएलसीबी पडला नाही. लाइट लागली, ओव्हन तापायला लागला, मला हायसं वाटलं आणि मी उरलेले ९,३९९ पाठवले. बिल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलं. त्याच्यावर जीएसटी नंबर नाही, पत्ता नाही.

शनिवारी ओव्हन फुल तापवला आणि आत फट्कन आवाज आला. दगडाला ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा. घरभर केमिकलचा वास. ऑर्डर रद्द, २,००० परत. बरं, त्याच गडबडीत ओल्या हातानं ओव्हनच्या पत्र्याला हात लागला तर कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. त्या नंबरवर फोन केला तर स्विच ऑफ, तेव्हापासून स्विच ऑफच आहे.

मिस्टरांनी ओव्हन उद्यमनगरात नेला, तिथं एक काका हीटरची कामं करतात. त्यांनी मागचं कव्हर काढलं आणि आम्हाला जवळ बोलावून दाखवलं. हिरवी अर्थिंगची वायर कापलेली आणि टोकाला काळी टेप गुंडाळलेली. म्हणून ईएलसीबी पडायचा थांबला होता! ईएलसीबी पडतो तो आपल्याला शॉक बसू नये म्हणून, आणि ह्या नालायकानं वायरच तोडली. माझी सासूबाई त्या ओट्यावर काम करते, पोरगं तिथं हात लावतं. पैसे गेले ते गेले, पण हे मी माफ करणार नाही.

एलिमेंट दोन्ही जुनीच, स्क्रूवरचा गंजसुद्धा हललेला नव्हता. काका म्हणाले, एलिमेंटला काही झालेलंच नाही. नळीच्या आत पांढरी पावडर असते, मॅग्नेशियम ऑक्साइड, ती पावसाळ्यात ओल ओढते आणि करंट बॉडीला गळायला लागतो. वाळवलं की बंद होतं. आमचा ओव्हन तापून तापून तोवर वाळला होता, त्यामुळं अर्थिंग परत जोडल्यावरही ट्रिप झाला नाही. २५० रुपये घेतले त्यांनी. नवीन दगड १,८५०.

दगडाचं पण सांगते, कारण ह्याच भीतीवर त्यानं १,२०० काढले. पिझ्झा स्टोन, बहुतेक कॉर्डिएराइट नावाच्या सिरॅमिकचा असतो, तो सच्छिद्र असतो, त्याला साबण, ॲसिड, ओव्हन क्लीनर काही लावायचं नाही, पाण्यात बुडवायचा नाही. आत शिरलेलं पाणी तापल्यावर वाफ होऊन दगड फोडतं, आणि तापलेल्या दगडावर गार पाणी पडलं तरी तेच. सांडलेलं चीज-सॉस फुल हीटवर जाळून टाकायचं, गार झाल्यावर खरवडायचं, राख कोरड्या ब्रशनं काढायची. काळे डाग राहणारच, ती घाण नाही आणि फंगस तर नाहीच नाही, ४०० डिग्रीत कुठली फंगस जगते? दगड उलटा करून वापरता येतो. खाली मैदा जास्त पडला की जळून कडू होतो, त्याच्याऐवजी बारीक रवा टाका. एलिमेंटवर काहीही फवारू नका. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा लावताना कमी हीटवर अर्धा-पाऊण तास चालू ठेवा, दगडातली ओल हळूहळू जाते. पण ट्रिप होत असेल तर परत परत बटण मारू नका, माहितीतल्या माणसाला दाखवा.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात गेलो. म्हणाले, ऑनलाइन पैसे गेलेत, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, माणूस घरी आलाय, काम केलंय, तुम्ही स्वतः पैसे पाठवलेत, हे सायबर कसलं, ग्राहक मंचात जा. अहो पण मंचात जायला समोरच्याचं नाव-पत्ता लागतो, तोच तर तुम्ही शोधून द्यायचा! परत ठाण्यात. तिथले साहेब म्हणाले, ताई, नऊ हजारासाठी कशाला एवढा त्रास करून घेताय. माझे नऊ हजार म्हणजे पहाटे उठून मळलेलं पीठ आहे हो, तुम्हाला किरकोळ वाटत असतील. वायर कापल्याचा फोटो दाखवला, बघितला आणि फोन परत दिला. म्हटलं गुन्हा नोंदवा, पूर्वीचं ४२० म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. तर वर माझ्याकडंच बघून विचारतात, वकील आहात काय? शेवटी अर्ज घेतला. पोचेचा शिक्का मारायला पण बसवून ठेवलं. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. खऱ्या कंपनीत फोन लागला तर ते म्हणाले तो आमचा माणूस नाही, आणि बाहेरच्यानं खोलल्यामुळं वॉरंटी पण गेली. इंटरनेटवरचा तो नंबर रिपोर्ट केला, अजून तसाच झळकतोय. ज्याचं खातं आहे त्याचं नाव माझ्या मोबाईलमध्ये आहे, बँकेला त्याचा पत्ता माहीत आहे, तरी कुणाला उठून बघायची इच्छा नाही!

तुमच्यावर वेळ आली तर पैसे गेल्या गेल्या आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मग बाकीचं. मी ठाण्याच्या फेऱ्यांत तो वेळ घालवला कारण कुणी सांगितलंच नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ग्राहक आयोगात (पूर्वीचा ग्राहक मंच) ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मी त्याचे कागद करतेय. कस्टमर केअरचा नंबर फक्त बिलावरचा, मॅन्युअलमधला किंवा मशिनच्या मागच्या स्टिकरवरचा. जुना पार्ट हातात मिळाल्याशिवाय पैसे नाहीत. आणि कव्हर उघडलेलं असताना तिथून हलायचं नाही, चहा नंतर.

हा माणूस बोलता बोलता म्हणालेला की सकाळी राजारामपुरीत आणि कळंब्यात दोन ओटीजी (छोटे इलेक्ट्रिक ओव्हन) करून आलोय. खरं असेल तर त्या घरांतपण वायर कापलेली असणार. निळा टीशर्ट, बिनसाखरेचा चहा, लेबल खरवडलेली बाटली, असा कुणी तुमच्याकडं येऊन गेला असेल तर आत्ता प्लग काढा, माहितीतल्या इलेक्ट्रिशियनकडून मागचं कव्हर उघडून हिरवी वायर बघून घ्या, आणि मला मेसेज करा. माझ्या अर्जाला तुमचा अर्ज जोडू.