नवीन मावशी-मामांचं ट्रेनिंग: हॉलमध्ये तीन दिवस, की वॉर्डात जोडीने?

मिरजेत दवाखान्याचं प्रशासन बघायचं, तर माणसं टिकत नाहीत हे धरूनच चालावं लागतं. पावलापावलावर दवाखाने आहेत. वॉर्डबॉयला किंवा मावशीला पलीकडच्या चौकात पाचशे रुपये जास्त मिळाले की पुढच्या महिन्यात ती तिकडे. म्हणजे नव्या माणसाला शिकवणं हे काम वर्षातून एकदा येत नाही, ते सतत चालूच असतं. मी चार वर्षं हॉलमधलं ट्रेनिंग चालवलं आणि गेली तीन वर्षं जोडीचं चालवतोय. आमचा दवाखाना शंभरच्या आतल्या खाटांचा आहे. तुमचा पाचशे खाटांचा असेल तर पुढचं सगळं तुम्हाला लागू होईलच असं नाही.

दोन्ही पद्धती तुमच्या ओळखीच्या असतील. हॉलमध्ये पंधरा-वीस जणांची बॅच, प्रोजेक्टर, चहा, शेवटी छोटी तोंडी परीक्षा आणि सही. जोडीत नवी मावशी जुन्या मावशीबरोबर दहा ड्यूट्या करते, हातात एक कार्ड असतं, आणि प्रत्येक काम तिने स्वतः करून दाखवलं की इनचार्ज सिस्टर त्यावर सही करते. कचरा वेगळा करायचे पिवळा-लाल-पांढरा-निळा हे रंग, हात धुण्याच्या पायऱ्या, वगैरे दोन्हीकडे तेच आहे. त्यात जात नाही.

हॉलची बाजू आधी सांगतो, कारण ती वाटते तेवढी पडती नाही. कागद तिथे व्यवस्थित होतात. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत कामावर रुजू होताना आणि त्यानंतर दरवर्षी किमान एकदा प्रशिक्षण द्यायचं आहे, आणि त्याची नोंद ठेवायची आहे. हॉलचा फोटो, हजेरीपट, सह्या, सगळं एका फाइलमध्ये मिळतं. एनएबीएचच्या (दवाखान्यांना दर्जाची मान्यता देणाऱ्या मंडळाच्या) तपासणीच्या आदल्या रात्री ही फाइल सापडण्याचं सुख वेगळंच. दुसरं म्हणजे, ज्या गोष्टी वॉर्डात रोज घडत नाहीत त्या वॉर्डात शिकता येत नाहीत. आग घ्या. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात जानेवारी २०२१ मध्ये नवजात कक्षाला आग लागून १० बाळं गेली, त्यानंतर आमच्याकडे आगीच्या तासाला कुणी डुलकी काढली नाही. आग विझवायच्या सिलिंडरची पिन ओढून फवारा मारून बघणं, बाळ पळवल्याचा कोड, म्हणजे ठरलेला इशारा, वाजला की दारं कुणी अडवायची, हे सगळ्यांना एकत्र उभं करूनच दाखवावं लागतं.

मग हॉल का सोडला? बॅचमुळे.

हे सुरुवातीला माझ्याही लक्षात आलं नव्हतं. दहा-बारा माणसं जमल्याशिवाय तीन दिवस हॉल लावणं परवडत नाही. तेवढ्यासाठी इन्फेक्शन कंट्रोलची सिस्टर, मेट्रन आणि मी, तिघेही फ्लोअरवरून उठतो. माणसं मात्र बॅचने येत नाहीत, एकेक येतात. तीन तारखेला रुजू झालेल्याला ट्रेनिंग सव्वीसला. मधले तेवीस दिवस तो घरी बसत नाही, रोज ड्यूटी करतो. म्हणजे जे चुकीचं शिकायचं ते सगळं शिकून झाल्यावर आम्ही त्याला हॉलमध्ये बसवून ‘स्वागत’ म्हणायचो. हिपॅटायटिस बीच्या लशीचा पहिला डोससुद्धा आम्ही बॅचच्या दिवशी देत होतो, हे आज लिहिताना लाज वाटते.

असाच एक मुलगा नवव्या दिवशी एक्स-रेसाठी पेशंट न्यायला वॉर्डात गेला. वॉर्डात पाटील दोन, आणि आमच्या भागात यात नवल काही नाही. त्याने विचारलं, ‘पाटील आजोबा ना? चला.’ आजोबांना कमी ऐकू यायचं, ते सवयीने ‘हो हो’ म्हणाले आणि स्ट्रेचरवर बसले. गुडघ्याच्या एक्स-रेसाठी छातीचा पेशंट गेला. टेक्निशियनने फॉर्मवरचं वय बघितलं म्हणून निभावलं. मुलाला काय बोलणार? ‘तुम्ही पाटील ना’ असं विचारायचं नाही, ‘पूर्ण नाव सांगा’ म्हणायचं आणि मनगटावरच्या पट्टीवरचा नंबर फॉर्मशी जुळवायचा, हे त्याला सव्वीस तारखेला कळणार होतं. स्लाइड तयार होती. अकरावी.

तो सव्वीसला आलाच नाही. तोवर नोकरी सोडून गेला होता.

त्या महिन्यात मी जोडी सुरू केली. मोजमाप काही केलेलं नाही, त्यामुळे आकडे मागू नका. मला दिसलं ते एवढंच, की माणूस पहिल्या दिवसापासून कुणाच्या तरी नजरेखाली असतो. अंगावर न घेता ड्रॉशीटने, म्हणजे पेशंटखालच्या आडव्या चादरीने, पेशंट वर कसा सरकवायचा, शौचाचं भांडं देताना पडदा आधी ओढायचा, झोपून असलेल्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, हे हात लावूनच शिकता येतं. आणि आमच्याकडे अर्धे पेशंट कर्नाटकातून येतात. म्हातारी ‘नोवु, नोवु’ करते तेव्हा तिला दुखतंय, ‘नीरु’ म्हणते तेव्हा पाणी हवंय, हे आमच्या कुठल्याही स्लाइडवर नव्हतं. जुन्या मावशीला ते पाठ होतं.

आता जोडीची खोड. मावशी जे करते तेच नवी करते, चुकीसकट. एका महिन्यात तीन नवे लोक स्ट्रेचरवर नेताना लघवीची पिशवी पेशंटच्या पोटावर ठेवताना सापडले. पिशवी मूत्राशयाच्या खाली हवी, नाहीतर लघवी उलटी जाते. चौकशी केली तर तिघेही एकाच मावशीचे चेले. तिचं म्हणणं, ‘स्ट्रेचरला हूकच नाही, मग काय लोंबकळत न्यायची?’ खरं होतं. आम्ही हूक लावले. हॉल चालू असता तर हे मला कळलं नसतं, कारण हॉलमध्ये सगळ्यांनी बरोबर उत्तर दिलं असतं.

दुसरी खोड बक्षिसाची. बाळंतपण झालं की नातेवाइकांकडे पेढ्याचे पैसे कसे, कधी आणि किती गोड आवाजात मागायचे, ही विद्या जोडीतून फार लवकर उतरते. याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. प्रसूती वॉर्डात मी नव्यांची जोडी लावत नाही, एवढंच.

खर्चाचं म्हणाल तर शिकवणाऱ्या मावशीला आम्ही दिवसाला ५० रुपये भत्ता देतो. त्याआधी त्या ‘माझं काम कोण करणार’ म्हणून तोंड फिरवत होत्या, आता विचारतात की नवीन कोणी आलंय का. हॉलच्या तीन दिवसांचा चहा-नाश्ता आणि सुपरवायझरांचा वेळ धरला तर हे महाग पडत नाही असं माझं मत आहे, पण प्रत्येकाचा हिशोब वेगळा.

एजन्सीकडून जीडीएचा (जनरल ड्यूटी असिस्टंट, म्हणजे पेशंटच्या मदतनीसाचा) कोर्स केलेली माणसं घ्यावीत, मग हे दोन्ही नको, असंही कोणी सुचवेल. घेतली आहेत. ती चांगली असतात, पण आमचा ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कुठे आहे आणि रात्री लिफ्ट बंद पडली की कुणाला फोन करायचा, हे त्यांनाही दाखवावंच लागतं.

सध्या आमच्याकडे असं आहे: रुजू होताना पहिल्या दिवशी लस, ओळखपत्र आणि दोनच धडे, पेशंटची ओळख पटवणं आणि सुई टोचली तर काय करायचं. टोचली की लगेच धुवा, लपवू नका, कॅज्युअल्टीत या, कारण एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी होता होईल तो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांत सुरू व्हावी लागते. मग दहा ड्यूट्या जोडीने. हॉल तीन महिन्यांतून अर्धा दिवस, फक्त आग आणि कोडसाठी, आणि त्यात जुन्यांनाही बसवतो. नवीन इमारत सुरू होत असेल आणि एकदम चाळीस माणसं घ्यायची असतील तर हॉलच लावा, तिथे जोडीला जुनी मावशी आणणार कुठून?

आणि जोडी लावलीत तर शिकवायला सगळ्यात चपळ मावशी देऊ नका. आमची सगळ्यात चपळ मावशी सगळं स्वतःच पटापट उरकायची आणि नवी मुलगी शेजारी चादर धरून उभी राहायची. जी हात चालवता चालवता अखंड बोलत असते, नर्सिंग स्टेशनवर सिस्टर वैतागतात तिच्यावर, ती द्या. नव्या मुलीला काय चाललंय ते तिच्याकडून कळतं, आणि थोडं पुढे उभं राहिलं तर मलाही.