फ्लॅट खरा, मालकीण खोटी

स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरचं नेर्हा मालागाच्या पूर्वेला साधारण पन्नास किलोमीटरवर आहे. ऑगस्टमध्ये तिथे जागा मिळणं म्हणजे गणपतीत कोकण रेल्वेचं तिकीट मिळणं. फसवणाऱ्यांचा धंदा याच टंचाईवर चालतो.

आम्ही जर्मनीत राहतो. २०२५च्या उन्हाळ्यात सासू-सासरे सांगलीहून आले होते. सासूबाईंना बाहेरचं जेवण चालत नाही, म्हणून हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेला फ्लॅट शोधला. एका नावाजलेल्या बुकिंग साइटवर बुरियाना बीचजवळचा मिळाला. भाडं आजूबाजूच्या फ्लॅटांइतकंच होतं. ‘फार स्वस्त दिसलं की सावध व्हा’ हे त्या लोकांनाही ठाऊक असतं!

मालकीण म्हणवणारी बाई अगत्यानं बोलायची. लिफ्ट आहे का, शेगडी कसली आहे, सगळ्याला लगेच उत्तर, वर बाल्कनीचा व्हिडिओ. मग म्हणाली, साइटवर चॅट नीट चालत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर या. तिथे तिनं पैसे भरायची लिंक दिली. तोच रंग, तोच लोगो, ‘रद्द केल्यास पूर्ण परतावा’सुद्धा. फक्त वेबपत्त्यात साइटच्या नावाला आडवी रेघ देऊन ‘रिझर्वा’ असं शेपूट जोडलं होतं. कार्ड घेतलं जाईना, म्हणून बँक ट्रान्सफर. खाते क्रमांक ‘एलटी’ने सुरू होणारा, म्हणजे लिथुआनियातला, स्पेनमधल्या खात्याचा ‘ईएस’ने सुरू होतो. विचारलं तर म्हणे, साइटचं पैशांचं कामकाज तिकडून चालतं. इन्स्टंट ट्रान्सफर दहा सेकंदांत पोचतो. १,२४० युरो गेले.

त्याहून जास्त खुपतात ते पासपोर्ट. पाहुण्यांची माहिती सरकारकडे नोंदवणं स्पेनमध्ये घर भाड्यानं देणाऱ्यांना बंधनकारक आहे, आणि डिसेंबर २०२४पासून नियम आणखी कडक झाले आहेत. त्यामुळे तिनं पासपोर्टचे फोटो मागितले त्यात वावगं वाटण्यासारखं काही नव्हतं. पण कायद्याला तपशील लागतो, पासपोर्टची प्रत नाही. तिथल्या डेटा संरक्षण संस्थेनं तसं स्पष्टही केलं आहे.

जाहिरातीत परवाना क्रमांकही होता, ‘व्हीएफटी/एमए’ने सुरू होणारा, मालागा जिल्ह्यातल्या पर्यटक-घरांना असतो तसाच. क्रमांक अस्सल होता, पण फुएन्हिरोला या दुसऱ्याच गावातल्या कुणाच्या तरी घराचा. आंदालुसिया या तिथल्या प्रांताच्या सरकारची पर्यटन नोंदवही इंटरनेटवर खुली आहे. क्रमांक घातला की पत्ता दिसतो. हे आम्हाला नंतर पोलिसांनी दाखवलं.

नेर्हाला पोचलो तर इमारत होती, बाल्कनीही तीच. बेल वाजवल्यावर एक आजोबा बाहेर आले. बारा महिने तिथेच राहतात, फ्लॅट कधीच भाड्यानं दिलेला नाही. त्या उन्हाळ्यात असे बॅगा घेऊन आलेले आम्ही पहिले नव्हतो. बिचाऱ्यांनी सासऱ्यांना आत बसवलं, पाणी दिलं आणि गार्दिया सिविलच्या, म्हणजे तिथल्या पोलिसांच्या, चौकीचा रस्ता सांगितला. रात्रीची सोय तोर्रे देल मारमध्ये झाली, दुप्पट भाड्यात.

साइट म्हणाली, पैसे आमच्याकडून गेले नाहीत. बँक म्हणाली, ट्रान्सफर तुम्हीच मंजूर केलात. परत मागवण्याची विनंती पाठवली, तोवर समोरचं खातं रिकामं. ऑक्टोबर २०२५पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना ट्रान्सफरआधी खातेदाराचं नाव जुळतं का ते दाखवावं लागतं. नाव जुळत नाही असं आलं, तर समोरचा काहीही सांगो, तिथेच थांबा. नाव जुळलं म्हणून निर्धास्तही होऊ नका. खातं पैसे घेऊन ते वापरू देणाऱ्या भलत्याच माणसाचं असू शकतं. पैसे मूळ साइटवर, कार्डानंच भरा.

असं कुणाचं झालंच, तर पोलीस तक्रार, तिथे ‘देनुन्सिया’ म्हणतात ती, त्याच गावात द्या आणि गेलेल्या प्रत्येक पासपोर्टचा क्रमांक तीत लिहून घ्या. चौकीत फक्त पैशांचं विचारतात. उद्या सासऱ्यांच्या नावावर कुणी खातं उघडलं, तर तारीख असलेला तेवढाच एक कागद आमच्याकडे आहे.